शार्क एकलकोंडा असतो का? माणूस दिसला की हल्ला करतोच का?

दोन्हींचं उत्तर बहुतांशी 'नाही'. मी परभणीचा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळं आमच्याकडं शार्कची भीती सगळी टीव्हीवरून आलेली.

शार्कच्या ५०० हून जास्त जाती आहेत, सगळ्यांचा स्वभाव सारखा कसा असणार? हातोड्यासारख्या डोक्याचे हॅमरहेड दिवसा पाण्याखालच्या डोंगरांभोवती शेकड्यांनी जमतात आणि रात्री शिकारीला पांगतात. बहामातल्या बिमिनी बेटांजवळ लेमन शार्कच्या पिल्लांवर प्रयोग झाले. ती अनोळखी पिल्लांपेक्षा ओळखीच्यांसोबत राहणं पसंत करतात, एकमेकांचं बघून शिकतातही. मला तरी हे भारी वाटलं, माशाकडून कोण एवढी अपेक्षा करतं! टायगर शार्क मात्र बऱ्यापैकी एकटा हिंडतो.

हल्ल्यांचं म्हणाल तर जगभरात शार्कमुळं वर्षाला साधारण पाच-सहा माणसं दगावतात. भारतात सर्पदंशानं वर्षाला अंदाजे ५८,००० जातात, तरी आपण रात्री कापसाला पाणी द्यायला जातोच की. उलट माणूस दरवर्षी अंदाजे १० कोटी शार्क मारतो. आणि सगळ्यांत मोठा व्हेल शार्क? तो प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) नि छोटे मासे गाळून खातो. गुजरातच्या किनाऱ्यावर येतो, २००१ पासून त्याच्या शिकारीवर बंदी आहे.