मशेरी सुटली, मग धडधड का सुटत नाही?

गोव्यात वाळपईजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ४७ वर्षांची. लग्नानंतर दाढ दुखायची म्हणून सासूबाईंनी मशेरी, भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायला दिली, ती चिकटलीच. दिवसातून पाच-सहा वेळा लावायचे. शिवाय दोन्ही जेवणांनंतर पान, त्यात तंबाखू. दातांच्या शिबिरात डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि त्याच दिवशी मशेरी टाकली. पान खाते, पण तंबाखूशिवाय. आज नववा दिवस. तिसऱ्या दिवसापासून छातीत धडधडतं, हात थरथरतात, पहाटे तीनला जाग येते आणि काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. परवा मुलावर नको तेवढी ओरडले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. सासूबाई गेल्या, आता घरात हे कुणालाच ठाऊक नाही, सुनेला तर मुळीच नाही. माझं डोकं बिघडतंय का? एकदाच लावली तर हे थांबेल का?"

ताई,

डोकं बिघडलेलं नाही. आणि एकदाच लावली तर थांबेल का, याचं खरं उत्तर आहे: हो, थांबेल, आणि तेही काही मिनिटांत. म्हणूनच लावू नका. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की जीव कासावीस होतो, पुन्हा लावली की शांत होतो. इतकी वर्षं मशेरी मन शांत करते असं तुम्हाला वाटत आलं. प्रत्यक्षात आधीच्या मशेरीने उठवलेली बेचैनी पुढची मशेरी मिटवत होती. आता मधला दुवा तुटलाय, त्यामुळे ती सगळी बेचैनी एकदम अंगावर आली आहे.

तिचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहिल्याच दिवशी सुरुवात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोर, मग हळूहळू उतार, आणि बहुतेकांचा मोठा भाग तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तलफ आणि वाढलेली भूक त्याहून जास्त रेंगाळतात. म्हणजे पत्र लिहिलंत तेव्हा तुम्ही चढ ओलांडला होता. हे छापून तुमच्या हाती पडेल तोवर तिसरा आठवडा लागला असेल. रोज रात्री वहीत शून्य ते दहा असा आकडा टाका, आज जीव किती घाबरला त्याचा. एखादा दिवस पुन्हा आठवर जाईल; बघायचं ते आठवड्याचं एकूण.

आता पोट, कारण मशेरी लावणाऱ्या बायका इथूनही पुन्हा मशेरीकडे वळतात, आणि त्यावर कोणी नीट बोलत नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं. सकाळी मशेरी लावली की दहा मिनिटांत परसाकडे जाण्याची कळ यायची, ती याच कारणाने. इतकी वर्षं आतड्यांनी त्या इशाऱ्याची वाट पाहिली. इशारा गेला तेव्हा ती सुस्तावली. त्यांना दुसरा इशारा लावून द्यायचा. उठल्याबरोबर मोठा पेला कोमट पाणी, मग दहा मिनिटं अंगणात फेऱ्या, मग चहा आणि थोडं खाणं, आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, कळ येवो न येवो, रोज त्याच वेळी बसायचं. पोटात अन्न पडलं की आतडी आपोआप हलतात, त्याचा फायदा घ्यायचा. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंच पाट घ्या. कुंथायचं नाही, दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. दिवसभरात आठ-दहा पेले पाणी, जेवणात तांबडी भाजी, अळसांदे, पपई, पिकलेली केळी. तरीही अडलं तर रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी पेलाभर पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत घट्ट होऊन बसतं. दात घासणं या सगळ्यानंतर, साध्या पांढऱ्या पेस्टने. काळं किंवा लाल मंजन नको. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण तंबाखू नसली तरी बोटाने हिरडीवर काळी पूड चोळणं हीच तुमची जुनी खूण आहे. ब्रशच हातात घ्या.

धडधड सुरू झाली की पहिली चूक होते ती भराभर श्वास घेण्याची. वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणूस आणखी घाबरतो. म्हणून श्वास घेण्याकडे पाहू नका, सोडण्याकडे पाहा. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, ओठ शीळ घालताना करतो तसे. पाच मिनिटं. हेच तलफेलाही चालतं, कारण तलफेची एक लाट पाच-दहा मिनिटांहून सहसा लांबत नाही. हातांना काम द्या: खोबरं किसा, लसूण सोला. तोंडाला भाजलेली बडीशेप किंवा एखादी लवंग पुरे. जेष्ठमधाची काडी बरेच जण सुचवतात; रक्तदाब असेल तर ती नको.

अकराची पेज चुकवू नका. तंबाखूने भूक मारलेली असते, सोडल्यावर ती परत येते, आणि रिकाम्या पोटी हातांची थरथर व घालमेल दोन्ही वाढतात. दर तीन-चार तासांनी थोडं पोटात असू द्या.

पहाटे तीनची जाग हा याच दुखण्याचा भाग. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात बसा, झोप आली की परत जा. घड्याळ आणि फोन बघू नका. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. चहा दुपारी तीननंतर बंद, दिवसाला दोन कप. तंबाखू सोडली की चहा-कॉफी जास्त चढते असं तुम्ही ऐकलं असेल. ते बिडी-सिगारेटवाल्यांच्या बाबतीत खरं, कारण धुरातली रसायनं यकृताला कॅफीन लवकर निकामी करायला लावतात आणि धूर थांबला की ते जास्त वेळ अंगात राहतं. मशेरीत धूर ओढला जात नाही, तेव्हा तुम्हाला हा हिशेब लागू नाही. तुमचं कारण साधं: आधीच ताणलेल्या जिवाला चहा आणखी ताणतो.

निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इतर वाचकांसाठीही लिहिते. तीन आठवडे त्याशिवाय निघाले असतील तर आता सुरू करायची गरज नाही. पाय घसरतोय असं वाटलं तर मात्र मशेरीपेक्षा ते शंभर पटींनी बरं. दोन मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, चार मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागणाऱ्यांना दोनचं कमी पडतं, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला. गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय हात लावू नये. साधारण क्रम असा: पहिले सहा आठवडे एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी, आणि बंद. दिवसाला चोवीसच्या वर कधीच नाही.

फसतं ते चावण्यात. नेहमीच्या गमसारखं चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचक्या, मळमळ, छातीत जळजळ, आणि तलफ जशीच्या तशी. हळू दहा-बारा वेळा चावा, तोंडात मिरमिर आली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या, मिरमिर गेली की पुन्हा चावा. अर्धा तास असंच. चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना सोलकढी, लिंबू, चहा, कॉफी काही नको. आंबट तोंडात निकोटिन गालातून शोषलंच जात नाही. पानाला चुना लावतात त्यामागेही हेच रसायन आहे, फक्त उलट्या दिशेने: चुना लाळेचा आंबटपणा मोडतो आणि तंबाखूतलं निकोटिन भसकन रक्तात जातं. दात हलत असतील किंवा कवळी असेल तर गम चिकटतो. तेव्हा तोंडात विरघळू द्यायच्या गोळीबद्दल किंवा कातडीवर लावायच्या पट्टीबद्दल विचारा. गिळायच्या गोळ्याही आहेत, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. फिट्सचा इतिहास असलेल्याला दुसरी चालत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने खरी काळजी वाटली ती: "पान खाते, पण तंबाखूशिवाय." ताई, सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखू नसलेल्या पानालाही त्याच यादीत घातलं. सुपारीतल्या अॅरेकोलिनची सवयही लागते आणि तीही सोडताना चिडचिड होते. सुपारीनेच गालाची आतली कातडी ताठर होत जाते, तिखट झोंबू लागतं, तोंड उघडेनासं होतं. घरच्या कुळागरातली, म्हणजे बागेतली, औषध न मारलेली सुपारी आहे, हे आपल्याकडे फार ऐकू येतं. फवारणीचा इथे संबंधच नाही, दोष सुपारीचा. आरशासमोर तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं, एकावर एक, उभी आत जातात का पाहा. जात नसतील तर वाट बघू नका. देवापुढे विडा ठेवा, गणपतीवरच्या माटोळीला सुपारीचा घड टांगा, तोंडात मात्र एक खांडही नको. आवळा सुपारीच्या पुडीवरही घटक वाचून घ्या, नावापुरता आवळा आणि आत सुपारी असं होतं.

आणि तो पांढरा चट्टा. सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत तोंड येणं नेहमीचं असतं, ते बरं होतं. पण शिबिरात दाखवलेला चट्टा तुम्ही पुन्हा दाखवलेला दिसत नाही. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात जा, शिबिराचा कागद असेल तर घेऊन. बरेच चट्टे सवय सुटल्यावर फिके होतात. कुठला होणार नाही हे बघूनच ठरतं, कधी छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल डाग, गाठ, गिळताना त्रास, यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात.

सगळं खापर मशेरीवर फोडूनही चालणार नाही. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमारास धडधड, घाम आणि तुटकी झोप तशीही येते, थायरॉइड वाढला किंवा रक्त कमी असलं तरी येते. चार आठवड्यांनंतरही आकडा उतरत नसेल तर वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. मधुमेहाचं औषध चालू असेल तर साखर या दिवसांत जास्त वेळा बघा. छातीत दुखून घाम फुटला, दम लागला, कळ हातात किंवा जबड्यात गेली तर ही तलफच असेल म्हणून बसून राहू नका, १०८ लावा. भीती किंवा रडू दोन आठवडे रोजच राहिलं तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. टेलि-मानस, १४४१६, रात्रंदिवस आणि फुकट. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी हा नंबर. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी वेगळी सरकारी फोनसेवाही आहे, १८००-११-२३५६, तीही फुकट.

राहिली सून. तुम्ही दोन कामं एकदम करताय, सोडणं आणि लपवणं, आणि दुसऱ्याने दमून पहिलं सुटण्याची भीती मला जास्त वाटते. इतक्या वर्षांचा कबुलीजबाब द्यायची गरज नाही. दुपारी दोघीच असताना इतकंच सांगा: "मी मशेरी लावायचे, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सोडलीय. महिनाभर चिडचिड होईल, ती तुझ्यावर नाही. बांबोळीला एकटीला जायची भीती वाटते, येशील?" कामाचं काहीतरी मागितलं की समोरच्याला उपदेश करायला वेळ उरत नाही. तिला बहुधा वासाने आधीच ठाऊक असेल. मुलाला "परवा उगाच ओरडले" एवढं पुरे.

चुकून एकदा लावलीच तर उरलेली तिथेच मातीत मिसळा, वहीत वेळ आणि जागा लिहा, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच क्षणापासून पुढे चला. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास शेजारून आला की पहिल्या महिन्यात घरात जाऊन दार लावा. तो वास भल्याभल्यांना पाडतो. आणि ती डबी. धुऊन त्यात बडीशेप भरू नका, बरेच जण भरतात. बोट डबीत गेलं की हिरडी मशेरी मागते. डबी टाका, बडीशेप वाटीत ठेवा.