व्हायरस, विष आणि विखार

एका वाचकांनी विचारलंय की व्हायरल ताप, कंप्युटरचा व्हायरस आणि व्हायरल व्हिडिओ या तिन्हीकडे शब्द एकच कसा, आणि ‘व्हायरल होणे’ला मराठीत काय म्हणायचं.

परवा नारायण पेठेत मेडिकलच्या काउंटरवर माझ्यापुढचे एक काका म्हणाले, ‘व्हायरल झालंय, अँटीबायोटिकची एक स्ट्रिप द्या.’ दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर म्हणे, ‘अहो, तो व्हायरल बॅक्टेरिया फिरतोय ना सध्या.’ व्हायरल बॅक्टेरिया! हे ऐकून ऐकून कान किटले. बॅक्टेरिया म्हणजे जिवाणू, त्याची स्वतःची पेशी असते, पेनिसिलीन त्या पेशीची भिंत नीट बांधू देत नाही म्हणून तो मरतो. विषाणूला भिंतच नाही, तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या नकला काढून घेतो, मग अँटीबायोटिक त्याचं काय वाकडं करणार?

कंप्युटरचंही तेच. १९८३ मध्ये अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसून स्वतःची नक्कल करणारा प्रोग्रॅम करून दाखवला आणि त्याचे शिक्षक लेनर्ड एडलमन यांनी त्याला व्हायरस हे नाव सुचवलं. कुणाला न चिकटता स्वतःच नेटवर्कवरून पसरतो तो वर्म, व्हायरस नव्हे.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये ‘वीरुस’ म्हणजे विष, चिकट घाणेरडा रस. आणि आपलं ‘विष’ त्याचं सख्खं भावंड! अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातही विषाला जवळजवळ हाच शब्द आहे, ग्रीकमध्ये ‘इओस’, सगळी एकाच आजीची नातवंडं. म्हणजे ‘विषाणू’ हा शब्द घडवणाऱ्याने मूळ धातूलाच हात घातला. तरी काही भाषाशुद्धीवाले सांगत फिरतात की लॅटिनने शब्द संस्कृतातून उचलला. साफ चूक. भावंडं एकमेकांकडून जन्म घेत नाहीत. दुसरे विद्वान म्हणतात की अणू म्हणजे ॲटम, म्हणून विषाणू शब्दच चुकीचा. अहो, अणू म्हणजे अगदी बारीक, हा अर्थ ॲटमच्या कितीतरी आधीचा आहे. आणि ‘वीरुस’चा ‘वीर’शी संबंध लावणाऱ्यांनी तर कृपा करून थांबावं, ‘वीर’चा लॅटिन भाऊ ‘विर’, म्हणजे पुरुष, त्याचं घराणंच वेगळं. तसंच व्हायरसचं ते ‘व्हायराय’ हे अनेकवचन, जुन्या लॅटिनमध्ये या शब्दाला अनेकवचन सापडतच नाही, रसाचं कसलं अनेकवचन?

रस हा अर्थ विज्ञानातही कसा जुळला बघा. १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट तंबाखूच्या पानांचा रस चिनीमातीच्या फिल्टरमधून गाळला, त्या फिल्टरमधून जिवाणू जात नाहीत, तरी गाळलेल्या रसाने चांगली पानं आजारी पडली. १८९८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने तर त्याला जिवंत संसर्गी द्रवच म्हटलं. म्हणजे विषारी रस! आपल्या पुण्यात आंबेडकर रोडवर १९५२ मध्ये ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तिच्या पाटीवरून लाखो लोक गेले असतील पण ‘विष’ आणि ‘व्हायरस’ एकाच घरातले हे किती जणांना माहीत असेल.

माझं स्वतःचं मत असं की कंप्युटरच्या व्हायरससाठी ‘विखार’ वापरावा. ‘ष’चा ‘ख’ होणं आपल्या बोलींना नवं नाही, विष, विख, इख ही रांग खेड्यात आजही ऐकू येते. ‘पेनड्राइव्हमध्ये विखार आहे’, म्हणून बघा, जिभेवर बसतो. विषाणू शरीरासाठी, विखार यंत्रासाठी, म्हणजे दोन्हीकडे एकच शब्द, हा गोंधळही होणार नाही. कोशकारांनी हे मनावर घ्यावं असं मला खरंच वाटतं.

आणि हो, ‘व्हायरल होणे’. व्हिडिओही विषाणूसारखाच एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो, म्हणून शब्द तोच. त्याला आपल्याकडे शब्द आधीपासूनच आहे, ‘कर्णोपकर्णी होणे’, म्हणजे या कानाकडून त्या कानाकडे. दोघांतलं गुपित तिसऱ्याला कळलं की ते ‘षट्कर्णी’ झालं, चार कानांचे सहा झाले. तिथून सगळ्या गावाला कळेपर्यंतचा प्रवास म्हणजे कर्णोपकर्णी. व्हिडिओला कान कसले, असं वाटत असेल तर सरळ ‘गावभर झाला’ म्हणा.