जयपूर फूट लावल्यावर स्टंप दुखतो, कुठला लायनर घ्यावा?

तुमच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापलाय, जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून चालताना स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, सोलवटतो आणि घरातले म्हणतात 'होईल सवय'. हे वाचलं म्हणून लिहायला बसलो. सवय होत नाही. जखम होते.

माझा पाय मळणी मशीनमध्ये गेला. टाके सुकल्या सुकल्या एका शिबिरात माप घेतलं, तेव्हा सूज होती. पुढं सूज उतरली, मांस आटलं आणि स्टंप सॉकेटमध्ये, म्हणजे तो ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या पोकळ भागात, खाली सरकायला लागला. वजन यायला हवं गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, ते येत होतं नडगीच्या कापलेल्या टोकावर. आमचे थोरले दादा म्हणायचे, "नवं पायताण चावतंयच की. चल शेताकडं, बसतंय आपोआप." खानापूर तालुक्यातला पाऊस, भाताची लावण, दिवसभर ओला मोजा. एका संध्याकाळी मोजा कातडीसकट निघाला. तरी दादांचं तेच.

शेवटी बायकोनं बेळगावला नेलं. तिथल्या तंत्रज्ञांनी लाल झालेल्या जागेवर लिपस्टिक लावली, पाय घालून उभं केलं. काढला तर सॉकेटच्या आत नेमका ठिपका उमटलेला. तेवढीच जागा हीट गननं तापवून बाहेरच्या अंगाला फुगवली. सॉकेट एचडीपीई प्लास्टिकचं, तापवलं की वळतं. वर जादा मोजे चढवून स्टंप उचलून घेतला. मी तिथून बसस्टँडपर्यंत चालत गेलो.

१९६८ साली जयपुरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी हा पाय केला तोच अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठी. चिखलाला तो भीत नाही. बहुतेक वेळा बिघडतं ते सॉकेट. सिलिकॉनचा लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, चांगला असतो, पण त्याची जाडी धरून सॉकेट बनवावं लागतं. जुन्यात कोंबून उपयोग नाही, शिवाय उन्हाळ्यात घाम साठतो. त्यामुळं आधी माप, मग लायनर.

रात्री नसलेल्या बोटांची आग होते का, तेही विचारा. दादा याला नाटकं म्हणायचे. ती नाटकं नव्हेत, तुटलेल्या नसा आणि मेंदूचं दुखणं आहे. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय काढला: धड पाय आरशासमोर हलवायचा, मेंदूला दोन्ही पाय हललेले दिसतात. सगळ्यांना गुण येत नाही, मला आला. गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांना विचारूनच.

हो, वडिलांना शुगर असेल तर दुखणं कळतही नाही. मग रोज रात्री स्टंपच्या खाली आरसा धरून बघा. पाय काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत लाली गेली नाही, तर तो पाय पुन्हा घालायचा नाही, आधी दाखवायचा. फुकट मिळालाय म्हणून तक्रार करायला लाजू नका. दुखतंय ते टोकावर की वाटीखाली, एवढं आज त्यांना विचारा. टोकावर म्हणाले तर घरच्यांचं न ऐकता याच आठवड्यात घेऊन जा.