‘पाडाव झाला’ आणि ‘त्याचा पाडाव झाला’

प्रश्न असा आहे: बखरीत ‘अमुक सरदार पाडाव झाला’ असं येतं, म्हणजे तो हरला की मारला गेला? आणि पाडाव आणि पराभव यांत फरक तो काय?

मारला गेला नाही. शत्रूच्या हाती जिवंत सापडला. जुन्या मराठीत ‘पाडाव’ हा शब्द विशेषणासारखा चालतो. माणूस पाडाव होतो, घोडी पाडाव येतात, हत्तीसुद्धा. १६७२ साली साल्हेरच्या लढाईत मोगलांचा इखलासखान असाच पाडाव झाला आणि पुढे सुटलाही. पानिपतावर इब्राहिमखान गारदी पाडाव झाला. त्याला मात्र कैदेतच ठार केलं. पाडाव झालेल्याचं पुढे काय झालं ते शब्द सांगत नाही, त्यासाठी पुढची ओळ वाचावी लागते.

ओळखायची खूण म्हणजे ‘चा’. ‘खान पाडाव झाला’ म्हणजे खान कैद झाला. ‘खानाचा पाडाव झाला’ म्हणजे खान संपला, निदान त्याचा जोर तरी मोडला. आज आपण वापरतो ते हे दुसरं रूप, नाम म्हणून. ठरणे-ठराव, जमणे-जमाव, तसं पाडणे-पाडाव.

आता पराभव. तो सामन्यातही होतो, निवडणुकीतही, आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा उभा राहतो. पाडाव व्हायला आधी काहीतरी भक्कम उभं असावं लागतं: किल्ला, राजधानी, राजवट. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव झाला, १९४५ मध्ये बर्लिनचा. म्हणूनच ‘निसटता पराभव’ म्हणतात, ‘निसटता पाडाव’ कुणी म्हणत नाही. पराभव पत्करता येतो, पाडाव पत्करत नाहीत. साखळी फेरीतला एखादा सामना गमावला की मथळ्यात ‘पाडाव’ छापतात, ते मला भडक वाटतं. दहा वर्षं अजिंक्य राहिलेला संघ घरच्या मैदानावर हरला तर मात्र खुशाल लिहावं.

जाता जाता: ‘काबूलचा पडाव’ असंही हल्ली दिसतं. ते चूक. पडाव म्हणजे मुक्काम, आणि कोकणात पडाव ही होडी.