विल्यम स्मिथचा अमोर डी कॉसमॉस

चि. ईरास अनेक आशीर्वाद,

कॅनडातल्या आपल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दुसऱ्या प्रीमियरने, म्हणजे मुख्यमंत्र्याने, अमोर डी कॉसमॉसने, स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं. मग आपल्यात ते काम आत्याकडे का, आणि मधे बाबाचं नाव कशाला, असं तू विचारलंस. आधी त्याचं सांगते.

तो मूळचा विल्यम अलेक्झांडर स्मिथ. जन्म १८२५, पूर्वेकडच्या नोव्हा स्कोशियातल्या विंडसरचा. हॅलिफॅक्सला घाऊक किराणा दुकानात कारकुनी केली आणि १८५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या मुलखात पोचला. तिथे त्याने सोनं खणलं नाही, फोटो काढून देण्याचा धंदा केला. स्मिथ तर पैशाला पासरी! १८५४ मध्ये त्याने नाव बदलायला थेट कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. सभासदांनी यथेच्छ टिंगल केली आणि शेवटी मंजुरी दिली. अमोर म्हणजे प्रेम, कॉसमॉस म्हणजे विश्व; दोन-तीन भाषांची खिचडी, पण अर्थ झाला विश्वप्रेमी.

११ डिसेंबर १८५८ ला त्याने इथल्या व्हिक्टोरिया शहरात ‘ब्रिटिश कोलोनिस्ट’ हे वर्तमानपत्र काढलं. तेव्हा ही ब्रिटिशांची वसाहत होती. तिचा गव्हर्नर डग्लस मोक्याच्या जागा सोयऱ्यांना आणि हडसन्स बे कंपनी या फरच्या व्यापारी कंपनीच्या माणसांना देतो, यावरून तो त्याला सतत झोडपायचा. १८६० ला व्हिक्टोरियाजवळच्या एस्क्विमॉल्टमधून निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मात्र नावानेच घात केला. तेव्हा गुप्त मतदान नव्हतं, सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव उच्चारायचं. याचं नाव लागलं होतं ‘विल्यम अलेक्झांडर स्मिथ ऊर्फ अमोर डी कॉसमॉस’. एक समर्थक नुसतंच ‘अमोर डी कॉसमॉस’ म्हणाला, म्हणून ते मत धरलं नाही, असं सांगतात, आणि तो एका मताने पडला. निवडून आला तो १८६३ ला.

त्याचं खरं काम पुढचं. १८६८ मध्ये वसाहतीने कॅनडात सामील व्हावं म्हणून कॉन्फेडरेशन लीग ही संघटना उभी केली, येल गावी परिषद भरवली. २० जुलै १८७१ ला प्रांत कॅनडात सामील झाला. डिसेंबर १८७२ मध्ये तो प्रीमियर झाला, आणि त्याच वेळी ओटावात, कॅनडाच्या संसदेत, खासदारही होता. इथून तिकडे रेल्वे नव्हती, सॅन फ्रान्सिस्कोवरून वळसा घालून जावं लागे. असा माणूस दोन्हीकडे कसा पुरणार? त्यात एस्क्विमॉल्टच्या गोदीच्या पैशासाठी त्याने कॅनडात सामील होताना ठरलेल्या अटींना हात घातला. अटी ढिल्या झाल्या तर कबूल केलेली रेल्वेही हातची जाईल, म्हणून फेब्रुवारी १८७४ मध्ये लोक थेट प्रांताच्या सभागृहात घुसले. त्याच सुमारास प्रांताच्या आणि ओटावाच्या अशा दोन्ही सभागृहांत एकाच वेळी बसायलाही बंदी आली. त्याने ओटावा निवडलं. १८८२ ला तीही जागा गेली. १८९७ मध्ये वारला, शेवटी मनाचा तोल गेलेला होता.

आता आपलं. बाराव्या दिवशी बारसं. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, मागून बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. म्हणजे नाव एकट्याचं नसतं, ते चारचौघांसमोर आणि मार खाऊन दिलं जातं! मधलं नाव म्हणजे ‘कुणाची’ याचं उत्तर. इथल्या फॉर्मवरचं ‘मिडल नेम’ वेगळं, ते स्वतःचंच दुसरं नाव असतं. म्हणून सख्ख्या भावंडांचं ‘मिडल नेम’ सारखं दिसलं की इथला कारकून चूक समजतो. उपाय एकच: जन्मदाखला, पासपोर्ट आणि शाळा, तिन्हीकडे नाव अक्षर न अक्षर सारखं ठेवायचं. एकीकडे गाळलं की पुढे प्रत्येक खिडकीशी खुलासा करत बसावं लागतं.

लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची रीतही काही घरांत आहे. तिथे नाव बदललं जातं, पण ते बहुधा नवरा सुचवतो. मला स्मिथची तऱ्हा बरी वाटते, निदान अर्ज त्याने स्वतः केला.

प्रोजेक्टसाठी वाचनालयात शोधताना त्याला ‘क’खाली बघू नकोस. आडनाव ‘डी कॉसमॉस’, ‘डी’पासूनच लागतं.

तुझी
आई