बक्षीस मिळालं, आता मेडिकल की रिसर्च?

नमस्कार ताई, तुमचं पत्र वाचलं. अकरावीतल्या मुलीने व्हायरसच्या प्रोटीएज एन्झाइमला अडवेल असा रेणू कॉम्प्युटरवर शोधला, सायन्स फेअरमध्ये पहिली आली, आणि आता घरचे म्हणतायत मेडिकलला जा तर ती म्हणतेय मी व्हायरसवरच काम करणार. आधी तिचं मनापासून अभिनंदन, कारण टार्गेट तिने खरंच डोकं लावून निवडलंय. बरेच व्हायरस आपली प्रोटीन्स एकाच लांबलचक साखळीत बनवतात, प्रोटीएजने ती नेमक्या जागी कापली तरच पुढचे व्हायरस नीट तयार होतात, कापणी थांबली की सगळं अडलं. एचआयव्हीवरचं सॅक्विनाविर हे औषध 1995 मध्ये याच कल्पनेवर आलं, कोविडवरचं पॅक्सलोव्हिड हे औषधसुद्धा तीच कल्पना.

पण डॉकिंगचा स्कोअर, म्हणजे रेणू एन्झाइममध्ये किती घट्ट बसेल याचा कॉम्प्युटरने दिलेला आकडा, हा अंदाज असतो हे तिला आत्ताच कळू दे. स्क्रीनवर फिट्ट बसलेला रेणू पाण्यात विरघळत नाही, पेशीत शिरत नाही, नाहीतर आपल्याच एन्झाइम्सना जाऊन चिकटतो, हे सर्रास होतं. म्हणून लगेच पुढची स्पर्धा शोधू नका, एखाद्या कॉलेजच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये सुट्टीत एन्झाइम अ‍ॅसे (एन्झाइम किती काम करतंय ते मोजणारी चाचणी) शिकायला मिळेल का ते विचारा. शुद्ध केलेलं एन्झाइम वापरून, जिवंत व्हायरसला हात न लावता तिचा रेणू टेस्ट करता येतो (घरी मात्र काहीही वाढवायचं नाही, अजिबात नाही). रिझल्ट बहुतेक मनासारखा येणार नाही, आणि खरं बघायचंय ते तेव्हाच, ती वैतागून सोडते की कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, पुन्हा लावून बसते. मेडिकल की रिसर्च हे मला बक्षिसापेक्षा यावरून जास्त कळेल.

डॉक्टर होऊनही रिसर्च करता येतो, पण तिला रेणूंमध्येच रस असेल तर बायोकेमिस्ट्रीची डिग्री, सोबत स्टॅटिस्टिक्स आणि थोडं प्रोग्रामिंग, हा सरळ रस्ता आहे. कोविडच्या एमआरएनए लसींचा पाया घालणाऱ्या कातालिन कारिको बायोकेमिस्टच, त्यांचा एमआरएनएवरचा (पेशीला प्रोटीन बनवायची सूचना देणारा रेणू) महत्त्वाचा पेपर 2005 चा आणि वैद्यकाचं नोबेल 2023 चं, म्हणजे वाट बघावी लागते, पीएचडीपर्यंत बरीच वर्षं जातात आणि चांगला पगार उशिरा सुरू होतो, हे घरात मोकळेपणाने बोलून घ्या.

लॅबला मेल मात्र तिलाच लिहू दे, चुका झाल्या तरी चालतील, तुम्ही फक्त पाठवायच्या आधी एकदा वाचा.