कापशी गावाला गेलेली नाही

प्रश्न : आमच्या घरी कापशी आणि चिंगी या एकाच वेतातल्या दोन सशिणी चार वर्षांपासून होत्या. एप्रिलच्या अखेरीस एका संध्याकाळी कापशीने कोथिंबिरीला तोंड लावले नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि चाळिशीच्या वर गेलेला पारा पाहता ती उकाड्याने मलूल झाली असेल असे समजून मी पाण्याची वाटी जवळ सरकवली, पंखा वाढवला आणि झोपले. सकाळी ती पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि पिंजऱ्याखालच्या वर्तमानपत्रावर रात्रभरात एकही लेंडी पडलेली नव्हती. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत दहा वाजले. ‘पोट बंद पडले आहे, काल आणायला हवे होते,’ एवढेच सांगून त्यांनी इंजेक्शन दिले. दुपारी ती माझ्या मांडीवरच गेली. वॉचमनने इमारतीमागच्या कडुलिंबाखाली खड्डा करून दिला. माझा सात वर्षांचा मुलगा त्या दिवशी आत्याकडे होता. त्याला यजमानांनी ‘कापशीला गावाला शेतावर सोडले’ असे सांगितले. आता तो रोज विचारतो, ‘गावाला तिला बिस्कीट देतात का?’ सासूबाई म्हणतात, ‘माणूस गेल्यासारखे काय रडतेस?’ त्या मनाने वाईट नाहीत. सांगोल्याकडच्या शेतकरी घरातल्या आहेत. चिंगी दोन दिवसांपासून अर्धवट खाते आहे. मी त्याच रात्री गेले असते तर कापशी वाचली असती का? मुलाला दुसरा ससा आणून द्यावा का? आणि तिची वाटी, तिचे गोणपाट काढून टाकावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चिंगीविषयी काय करावे, हे तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले होते. ससे पाळणाऱ्या इतर वाचकांसाठी ते येथे सर्वांत आधी देत आहे, कारण पत्रातील बाकीचे सगळे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. सशाचे पोट तंतुमय चाऱ्यावर अखंड चालू राहावे लागते. खाणे थांबले की आतडी मंदावतात, वायू धरतो, पोट दुखू लागते, आणि दुखू लागले की ससा उरलेसुरले खाणेही सोडतो. त्यातच त्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे दहा-बारा तासांत खाणे किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. पोट फुगलेले असल्यास घरी बळेच भरवू नये. जोडीदार गेलेला ससा अनेकदा खाणे कमी करतो, म्हणून चिंगीच्या खालचे वर्तमानपत्र रोज सकाळी बदलून लेंड्यांची संख्या आणि आकार पाहावा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन करून लिहून ठेवावे आणि तिच्यापुढे सुके गवत सतत असावे. गेलेल्या सशाचे शरीर जोडीदाराला थोडा वेळ हुंगू द्यावे, असे ससे पाहणारे पुष्कळ डॉक्टर सुचवतात. तुमच्याकडे ती वेळ निघून गेली आहे, पण कापशीच्या वासाचे गोणपाट अजून घरात आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. त्या रात्री नेले असते तर कापशी वाचण्याची शक्यता वाढली असती, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. लपवले तरी तुम्ही त्यावर विश्वास ठेवणार नाही. मात्र ती वाचलीच असती, असे कोणीही सांगू शकणार नाही, सकाळी तिला तपासणारे डॉक्टरसुद्धा नाहीत. ससा ही दुसऱ्याची शिकार होणारी जात आहे. दुखणे उघड करणारा ससा रानात आधी टिपला जातो, म्हणून घरातल्या पिंजऱ्यातही तो ते शेवटपर्यंत दडवतो. कापशीने कोथिंबीर नाकारली तेव्हा दुखणे सुरू होऊन किती वेळ झाला होता, हे कळायला मार्ग नाही. शिवाय पोट बंद पडणे हा बहुतेक वेळा मूळ आजार नसतो; जन्मभर वाढत राहणाऱ्या दाढांचे टोक गालात रुतणे, चाऱ्यात तंतू कमी पडणे, धास्ती किंवा उष्मा यांपैकी काहीतरी त्यामागे असते. तेव्हा उकाड्याचा तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नसेल. सशाला घाम सुटत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि तापमान तिशीच्या वर गेले की त्याला सोसवत नाही. (पंख्याचा मात्र त्याला फारसा उपयोग होत नाही, गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवणे अधिक बरे.) तुम्हाला जे ठाऊक नव्हते ते ससा विकणाऱ्याने चार वर्षांपूर्वी सांगितले नाही आणि त्या सकाळी जे सांगितले गेले ते तुमच्या उपयोगाचे उरले नव्हते. आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री यांच्यात मुरलेले असतात, ससा त्यांच्या टेबलावर क्वचित येतो. ससे पाहणारा डॉक्टर दुखणे येण्याआधीच शोधून ठेवावा लागतो. परळ, शिरवळ, उदगीर, परभणी आणि नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत त्याची चौकशी करता येते.

मुलाला खरे सांगावे, आणि ते यजमानांनी सांगावे, कारण गावाची गोष्ट त्यांनी रचली आहे. हेतू चांगलाच होता. पण मे महिन्याच्या सुट्टीत मूल गावाला जाईल, शेतावर कापशीला शोधेल आणि तिथे सगळ्यांना एकच खोटे सांभाळावे लागेल. साधारण या वयात मुलांना कळू लागते की मेलेले परत येत नाही. त्याच वयात आपल्या हातून काहीतरी झाले म्हणून असे घडले, हेही त्यांना खरे वाटते. म्हणूनच त्याचा बिस्किटाचा प्रश्न माझ्या मनात राहिला. त्याने कापशीला चोरून बिस्कीट दिले असेल का? असेलच असे नाही, पण विचारावे, आणि दिले असल्यास एका तुकड्याने ती गेली नाही हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘झोपली’, ‘देवबाप्पाने नेली’ असे शब्द वापरू नयेत. त्यातून मुलाला झोपेची नाहीतर देवाची भीती बसते. कापशीचे पोट बिघडले, तिचे शरीर बंद पडले, आता तिला दुखत नाही आणि भूकही लागत नाही, एवढे पुरे. त्यानंतर त्याला कडुलिंबाखाली घेऊन जावे. ‘बाबा, तुम्ही खोटे का बोललात?’ असे त्याने विचारले, तर ‘तुला वाईट वाटेल याची मला भीती वाटली, मी चुकलो,’ हे उत्तर यजमानांना देता आले पाहिजे.

सासूबाईंविषयी मला थोडे वेगळे वाटते. समाज ज्याला दुःख म्हणून जागाच देत नाही, अशा दुःखाला अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली एक स्वतंत्र नाव दिले. हक्क नाकारलेले दुःख, असे त्याला मराठीत म्हणता येईल. पाळीव प्राण्याचे जाणे त्यात हमखास येते. परंतु सांगोल्याच्या शेतकरी घरात जनावराचे दुःख परके नाही. दावणीचा खिलार बैल गेला की त्या घरात काय होते, बेंदराच्या दिवशी रिकाम्या खुंट्याकडे बघून कोण गप्प बसते, हे त्यांनी तुमच्यापेक्षा जवळून पाहिले असण्याचा संभव आहे. बैल राबतो, घर चालवतो, म्हणून त्याच्यासाठी रडणे त्यांना रास्त वाटत असेल आणि ससा कशालाच लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी रडणे वायफळ. त्यांच्याशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी त्यांच्या माहेरच्या बैलांची नावे विचारा आणि त्यांना बोलू द्या.

दुसरा ससा मुलाचे रडे थांबवण्यासाठी आणू नये. चिंगीसाठी मात्र जोडीदाराचा विचार करायला हरकत नाही, कारण ससा एकट्याने राहणारा प्राणी नाही. परंतु तो तिचे खाणे सुरळीत झाल्यावर करावा. नवा ससा आला की त्याला थेट तिच्या पिंजऱ्यात सोडू नये. दोन पिंजरे काही आठवडे शेजारी ठेवून, मग दोघांनाही परकी असलेल्या जागेत नजरेसमोर भेटवावे, नाहीतर चिंगी त्याला फाडून काढील. नर आणायचा असेल तर त्याची नसबंदी आधी झालेली असावी.

वाटी आणि गोणपाट यांचा निर्णय आज घेण्याची गरज नाही. गोणपाट चिंगीजवळ राहू द्यावे, ती त्यावर बसत असेल तर धुऊही नये. वाटी नजरेआड करायची असेल तर मुलाला खरे सांगून झाल्यानंतरच करावी. तिचे काय करायचे हे कदाचित तोच सांगेल.